फ्लोरिडात मोटरसायकलची वाढीव वॉरंटी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातला ग्राहक मूळचा नाशिकचा. नोकरीनिमित्त बरीच वर्षं फ्लोरिडातल्या टँपा परिसरात राहतो. २०२१च्या मार्चमध्ये त्याने जपानी बनावटीची, सुमारे ९०० सीसीची, तीन सिलिंडरची टूरिंग मोटरसायकल नवी घेतली. छापील किंमत १४,९०० डॉलर. थोडी रक्कम रोख भरली आणि उरलेल्यासाठी ६० महिन्यांचं कर्ज ७.९ टक्क्यांनी काढलं. त्याची, गावाची आणि डीलरची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत किंवा गाळले आहेत. आकडे आणि घटनाक्रम ठेवला आहे.

गाडीला कारखान्याची वॉरंटी एक वर्षाची, मैलांची मर्यादा नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक जपानी मोटरसायकलींना एवढीच मिळते. होंडाच्या गोल्ड विंगला तीन वर्षं, हा अपवाद. जपानी नसलेल्यांत बीएमडब्ल्यूला तीन वर्षं किंवा ३६,००० मैल, हार्लेला दोन वर्षं. ग्राहकाचा बेत गाडी चार-पाच वर्षं ठेवायचा आणि वर्षाला आठ-नऊ हजार मैल चालवायची. म्हणजे चारपैकी तीन भाग आयुष्य वॉरंटीबाहेर जाणार होतं.

दुसरी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. फ्लोरिडाचा 'लेमन लॉ', म्हणजे वारंवार बिघडणारी नवी गाडी उत्पादकाला परत घ्यायला लावणारा कायदा, मोटरसायकलींना लागूच होत नाही. कायद्याच्या व्याख्येतच मोटरसायकल आणि मोपेड वगळल्या आहेत. कारवाल्याच्या हातात असलेलं हत्यार दुचाकीवाल्याकडे नाही. उरतं ते वॉरंटीचा कागद, विक्रीतली गर्भित हमी (न लिहिताही कायद्याने मिळणारी) आणि विकत घेतलेला सेवा करार, म्हणजे बोलीभाषेतली वाढीव वॉरंटी.

अडचण कुठे सुरू झाली

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी, सगळा व्यवहार ठरल्यावर, ग्राहकाला फायनान्सच्या खोलीत बसवलं. तिथे समोर एक तक्ता ठेवतात: वाढीव वॉरंटी, टायर-रिमचं संरक्षण, आगाऊ भरलेली सर्व्हिस, कर्ज-फरक माफी (गाडी गेली तर विम्याची रक्कम आणि उरलेलं कर्ज यांतला फरक माफ). प्रत्येकापुढे एकूण किंमत नाही, महिन्याचा आकडा. वाढीव वॉरंटीपुढे लिहिलं होतं ४४ डॉलर.

त्या ४४ डॉलरच्या मागे काय होतं ते असं: करासह २,१९५ डॉलरची पाच वर्षांची योजना, कर्जात मिळवलेली. ७.९ टक्क्यांनी ६० हप्ते धरले तर महिन्याला ४४.४०, एकूण २,६६४. म्हणजे योजनेवरचं व्याजच ४६९ डॉलर. ग्राहकाने सही केली. शोरूममध्ये दोन तास गेलेले, गाडी बाहेर धुऊन उभी, अशा वेळी बहुतेक जण करतात.

घरी आल्यावर बाराव्या दिवशी त्याने करार शांतपणे वाचला. चार गोष्टी खटकल्या.

करार गाडी बनवणाऱ्या कंपनीचा नव्हता. जबाबदारी घेणारी कंपनी तिसरीच होती.

पाच वर्षं खरेदीच्या दिवसापासून मोजली जात होती. पहिलं वर्ष कारखान्याची वॉरंटी असतेच, त्यामुळे प्रत्यक्षात चारच वर्षं मिळत होती.

दुरुस्तीच्या दर खेपेला १०० डॉलर स्वतः भरायचे होते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उत्पादकाने मान्यता न दिलेला कोणताही बदल किंवा जोडणी गाडीच्या एखाद्या प्रणालीत केली असेल, तर त्या प्रणालीचं संरक्षण संपेल, असं कलम होतं. जोडणीमुळे बिघाड झाला की नाही, हा प्रश्नच त्या कलमात नव्हता. ग्राहकाला पहिल्याच महिन्यात जादा दिवे लावायचे होते.

स्वस्त मिळतंय, पण आपल्याला नाही

इथून त्याने दुसरे पर्याय शोधायला सुरुवात केली. गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वाढीव योजना होती: कारखान्याची वॉरंटी संपल्यावर पुढे चार वर्षं, स्वतः भरायची रक्कम शून्य, देशातल्या कुठल्याही अधिकृत डीलरकडे दुरुस्ती. टँपाच्या डीलरने तिचा दर १,४५० डॉलर सांगितला. दुसऱ्या राज्यांतले काही डीलर तीच योजना ९८५ डॉलरला इंटरनेटवर विकत होते. कंपनी, कागद, कलमं सगळं तेच. पण फ्लोरिडाचा पिनकोड टाकला की उत्तर एकच: फ्लोरिडाच्या रहिवाशांना विकत नाही.

आपल्याकडच्या सवयीने ग्राहकाला वाटलं, हा डीलरांचा आपसातला इलाखा असावा. नाशिकच्या एका शोरूममध्ये जमलं नाही तर दुसऱ्यात जायचं, तिसऱ्यात हेल्मेट फुकट मिळवायचं. इथे कारण वेगळं आहे.

फ्लोरिडात वाहनाचा सेवा करार हा राज्याच्या विमाविषयक कायद्यांखाली येतो. राज्याच्या कायदेसंहितेचं प्रकरण ६३४, त्याचा पहिला भाग पूर्णपणे वाहन सेवा करार कंपन्यांसाठी आहे. वाहनाची व्याख्या रस्त्यावर माणसं किंवा माल नेणारं स्वयंचलित साधन अशी असल्याने मोटरसायकल त्यात बसते. करार विकणाऱ्या कंपनीला राज्याच्या विमा नियमन कार्यालयाचा परवाना लागतो. तो करार प्रत्यक्ष ग्राहकाला विकणाऱ्या माणसालाही राज्याच्या वित्तीय सेवा विभागाचा परवाना लागतो. दुसऱ्या राज्यातल्या डीलरकडे हा परवाना सहसा नसतो.

दराचंही तसंच. राज्य दर ठरवत नाही. कंपनी ठरवते आणि कार्यालयाकडे नोंदवते. पण एकदा नोंदवला की विक्रेत्याने तो परस्पर कमी करणं हे विम्यातल्या 'रिबेट'सारखं, म्हणजे बेकायदा सूट, धरलं जातं. सारख्या ग्राहकांना वेगवेगळा दर लावणंही निषिद्ध आहे. त्यामुळे फ्लोरिडात तीच योजना राज्यभर त्याच दराला मिळते आणि घासाघीस चालत नाही. योजना घ्यावी म्हणून जॅकेट किंवा पेटी फुकट देणंही त्याच कलमाच्या तोंडाशी येतं. घासाघीस करायची तर गाडीच्या किमतीवर, आणि ती योजनेचा विषय निघण्याआधी संपवायची.

हा नियम ग्राहकाच्या विरोधात आहे असं पहिल्यांदा वाटतं. ४६५ डॉलरचा फरक डोळ्यासमोर असतो. पण त्याच कायद्याने ग्राहकाला जे दिलं आहे ते या प्रकरणात त्याहून जास्त कामाला आलं.

रद्द करण्याचा हक्क

प्रकरण ६३४ प्रमाणे प्रत्येक वाहन सेवा करारात रद्द करण्याचं कलम असावंच लागतं, आणि त्याचे आकडे कायद्यातच आहेत. खरेदीपासून ६० दिवसांत ग्राहकाने रद्द केलं तर भरलेली पूर्ण रक्कम परत, त्यातून फक्त दिलेले दावे वजा. कंपनी प्रशासकीय शुल्क लावू शकते, पण ते भरलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ६० दिवसांनंतर ग्राहकाने रद्द केलं तर न वापरलेल्या काळाच्या प्रमाणात येणाऱ्या रकमेच्या किमान ९० टक्के परत, दिलेले दावे वजा करून.

उलट बाजूने, ६० दिवसांनंतर कंपनीला मनात आलं म्हणून करार मोडता येत नाही. चारच कारणं चालतात: विक्रीच्या वेळी ग्राहकाने दिलेली खोटी माहिती किंवा फसवणूक, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे देखभाल न करणं, ओडोमीटरशी (मैल मोजणाऱ्या मीटरशी) छेडछाड करून तो दुरुस्त न करणं, आणि पैसे न भरणं. हे चौघं लक्षात ठेवावेत. पुढे यातल्या पहिल्या दोघांशी गाठ पडते.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय, तिसऱ्या कंपनीची योजना तशीच ठेवायची. कंपनीचा परवाना ग्राहकाने विमा नियमन कार्यालयाच्या संकेतस्थळावर तपासला. तो होता, चालू होता. म्हणजे फसवणूक नव्हती. करार कायदेशीर होता, फक्त पातळ होता. या दोन गोष्टींत गल्लत करू नये. परवाना असणं म्हणजे दावा मंजूर होईल असं नाही.

दुसरा पर्याय अटलांटात राहणाऱ्या आतेभावाने सुचवला. "दादा, माझा जॉर्जियाचा पत्ता टाक. कोण बघतंय?" ९८५ डॉलरला योजना, ४६५ वाचले. ग्राहक यावर आठवडाभर अडला होता, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण हा मोह सर्रास दिसतो. पण गाडीची नोंदणी, टायटल (मालकीचा कागद) आणि विमा तिन्ही फ्लोरिडाचे. दाव्याच्या वेळी सर्व्हिस डीलर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकतो, नोंदणीचा कागद मागतो, आणि करारावरचा पत्ता दुसऱ्या राज्याचा निघतो. विक्रीच्या वेळी दिलेली खोटी माहिती हे करार मोडण्याचं कारण ठरू शकतं. ते वापरलं जाईलच असं नाही, पण हजार-दीड हजारांच्या दाव्यात समोरच्याला आयतं कारण देणं ४६५ डॉलरला महागच.

तिसरा, काहीच न घेता दरमहा ३० डॉलर बाजूला टाकायचे. चार वर्षांत १,४४० डॉलर जमतात. हा पर्याय वाईट नाही. ज्याला हाताने काम येतं आणि ज्याची गाडी कमी इलेक्ट्रॉनिक्सची आहे त्याने हाच घ्यावा. या गाडीत मात्र रंगीत टीएफटी पडदा, एबीएस मॉड्युलेटर, सहा अक्षांचा सेन्सर, क्विकशिफ्टर आणि इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन होतं. नुसता पडदा बदलायचा तर सुटा भागच हजार डॉलरच्या घरात जातो.

चौथा, तिसऱ्या कंपनीची योजना ६० दिवसांत रद्द करून उत्पादकाची योजना १,४५० ला घ्यायची. तिच्यात जोडणीबद्दलचं कलम वेगळं होतं: जोडलेल्या वस्तूमुळे झालेलं नुकसान वगळून. 'जोडणी असेल तर' आणि 'जोडणीमुळे झालं तर' या दोन शब्दप्रयोगांतला फरक म्हणजेच दोन योजनांतला खरा फरक. किंमत नंतर.

पाचवा पर्याय हा चौथ्याचाच पोटभेद. उत्पादकाची योजना कारखान्याची वॉरंटी संपायच्या आधी कधीही घेता येत होती. मग लगेच कशाला? अकरा महिने थांबलं तर गाडी कशी निघते ते कळतं, ती ठेवायची की नाही ते ठरतं. धोका एवढाच की मधल्या काळात कंपनी नवा दर नोंदवू शकते.

काय केलं

रद्द करण्याचा अर्ज ४१व्या दिवशी गेला. डीलरकडे तोंडी सांगितलं होतं पंचविसाव्या दिवशी, पण "मॅनेजर आले की करतो" यात दोन आठवडे निघून गेले. यात आश्चर्य नाही. योजना रद्द झाली की विक्रीवरचा मोबदला डीलरकडून परत कापला जातो, आणि ज्याच्या खिशातून जाणार त्याला घाई नसते. साठावा दिवस उलटेपर्यंत वाट पाहिली असती तर हा हक्क हातचा गेला असता.

म्हणून ग्राहकाने डीलरला बाजूला ठेवून थेट करार कंपनीला नोंद पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवलं आणि प्रत डीलरला दिली. पत्रात पाच गोष्टी होत्या: करार क्रमांक, व्हीआयएन, खरेदीची तारीख, त्या दिवसाचं ओडोमीटर (फोटोसह), आणि 'आजच्या तारखेपासून रद्द' हे स्पष्ट वाक्य. कारण लिहिलं नाही. कारण द्यावं लागत नाही, आणि दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.

परतावा आला २,०८५.२५ डॉलर. २,१९५ वजा ५ टक्के, पूर्ण लागू शकेल तेवढं शुल्क लावून. पत्रानंतर चौतिसाव्या दिवशी तो जमा झाला, पण ग्राहकाच्या खात्यात नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेकडे. योजनेचे पैसे कर्जातून गेले होते आणि कर्ज करारात तशी अट होती. इथे बरेच जण गोंधळतात. परतावा मुद्दलातून वजा होतो, महिन्याचा हप्ता मात्र बदलत नाही. या ग्राहकाचा हप्ता ३०७ डॉलरच राहिला, फक्त शेवटचे साडेनऊ-दहा हप्ते गळाले. पैसे बुडाले असं समजून त्याने वित्तीय सेवा विभागाकडे तक्रार करायची तयारी केली होती. कर्जाचं विवरण मागवल्यावर उलगडा झाला.

हेच पत्र आठ महिन्यांनी गेलं असतं तर? ६० पैकी ५२ महिने शिल्लक, म्हणजे १,९०२ डॉलर, त्याचे ९० टक्के १,७१२. ६० दिवसांची मर्यादा ओलांडण्याची किंमत ३७३ डॉलर झाली असती.

उत्पादकाची योजना त्याने अकराव्या महिन्यात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, टँपाच्याच डीलरकडून १,४५० ला घेतली, कर्ज न काढता. दर बदलला नव्हता. तो नशिबाचा भाग.

थांबण्यात एक बारीक तोटाही होता, तो त्या वेळी लक्षात आला नाही. १९७५च्या मॅग्नसन-मॉस या केंद्रीय कायद्याप्रमाणे, माल विकणाऱ्याने विक्रीच्या वेळी किंवा त्यानंतर ९० दिवसांत स्वतः सेवा करार केला, तर त्याला गर्भित हमी नाकारता येत नाही. अकराव्या महिन्यात घेतलेल्या कराराला हा फायदा लागू होत नाही. या प्रकरणात त्याने काही बिघडलं नाही, कारण कारखान्याची लेखी वॉरंटी होतीच. जुनी गाडी डीलरकडून 'आहे तशी' घेणाऱ्यासाठी मात्र हे ९० दिवस फार मोलाचे आहेत.

देखभालीचे कागद

करार मोडण्याच्या चार कारणांपैकी दुसरं देखभालीचं. ग्राहक तेल स्वतः बदलत असे. त्याला हरकत नाही. डीलरकडेच सर्व्हिस करा अशी सक्ती कारखान्याच्या वॉरंटीत करता येत नाही. २०२२च्या जूनमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमक्या अशाच वॉरंटी अटींवरून हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली होती. पण 'स्वतः करता येतं' याचा अर्थ 'पुरावा लागत नाही' असा नाही.

त्याने ठेवलेली पद्धत साधी आणि पुरेशी होती. प्रत्येक वेळी तेलाची आणि फिल्टरची पावती (या गाडीला फिल्टरसह तीन-सव्वातीन लिटर लागतं), त्याच दिवशीचा ओडोमीटरचा फोटो, आणि एका वहीत तारीख-मैल-काम. दोन वेळचं तेल एकदम घेतलं तर एकाच पावतीवर दोन सर्व्हिस दाखवता येत नाहीत, म्हणून दर वेळी वेगळी खरेदी. २६,६०० मैलांवरची व्हॉल्व्ह क्लिअरन्सची (व्हॉल्व्हजवळच्या फटीची) तपासणी मात्र त्याने डीलरकडून करून घेतली. ते काम घरी होत नाही असं नाही, पण मोजमापांचा अधिकृत कागद हवा होता.

बिघाड

जून २०२३, सत्ताविसावा महिना. गाडी दुपारच्या उन्हात सिग्नलला बंद पडली, स्टार्टर नुसता टकटक. ग्राहकाने बॅटरी जुनी झाली असं धरून १४० डॉलरची नवी टाकली. तीन दिवसांनी पुन्हा तेच. बॅटरी घासणारा-संपणारा भाग म्हणून कुठल्याच योजनेत येत नाही, त्यामुळे ते १४० गेलेच.

मग मल्टिमीटर लावला. इंजिन ४,००० आरपीएमवर असताना बॅटरीच्या टोकांना १२.२ व्होल्ट. चार्जिंग चालू असेल तर तिथे साधारण १४च्या वर दिसायला हवं. स्टेटरचा (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या वेटोळ्याचा) कनेक्टर सोडवून तीन तारांपैकी दोन-दोनमध्ये एसी व्होल्टेज मोजलं: ५८, ५७ आणि २१. तिन्ही सारखे हवेत. इंजिन बंद करून तारा आणि बॉडी यांच्यात सातत्य तपासलं, तर बीप वाजला. तिथे सर्किट पूर्ण व्हायलाच नको. म्हणजे स्टेटरच्या वेटोळ्याचं इन्सुलेशन जळून ते इंजिनच्या धातूला टेकलं होतं. ती वीज बॅटरीजोगी करणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरचीही डायोड चाचणी नापास. हे दोघं बहुतेकदा एकमेकांना घेऊनच जातात. एकच बदलला तर नवा भाग काही महिन्यांत जुन्याच्या वाटेने जातो, म्हणून दोन्ही एकदम.

गाडी डीलरकडे ओढून नेली. इथे क्रम महत्त्वाचा: आधी निदान, मग योजनेच्या कार्यालयाची मंजुरी, मग खोलणं. मंजुरीआधी कव्हर उघडलं तर दावा तिथेच अडकतो.

नकार आणि उत्तर

पहिलं उत्तर नकाराचं आलं. कारण: बाहेरून जोडलेले विद्युत दिवे. गाडीला २० वॅटचे दोन एलईडी दिवे होते.

अशा वेळी लोक मॅग्नसन-मॉस कायद्याचा दाखला देतात: बाहेरचा भाग लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. दाखला चुकीच्या ठिकाणी पडतो. तो कायदा वॉरंटी आणि सेवा करार या दोन गोष्टी वेगळ्या मानतो, आणि ठरावीक कंपनीचाच भाग किंवा सेवा वापरण्याची सक्ती करण्यावरची बंदी वॉरंटी देणाऱ्यावर आहे. विकत घेतलेली वाढीव 'वॉरंटी' बहुधा सेवा करार असते, नाव काहीही असो. तिथे करारातले शब्दच बघावे लागतात.

ग्राहकाने तेच केलं. त्याच्या करारात 'जोडलेल्या वस्तूमुळे झालेलं नुकसान' असं होतं. म्हणून उत्तर एकाच मुद्द्यावर ठेवलं: यामुळे झालं नाही. ४० वॅट भागिले १३.८ व्होल्ट, साधारण २.९ अँपिअर. दिवे स्वतंत्र रिलेवर, ७.५ अँपिअरच्या फ्यूजमधून, आणि तो फ्यूज शाबूत. हेडलाइटच्या तारेला कुठेही चिमटा नाही. वायरिंगचे सहा फोटो, तिन्ही व्होल्टेजचे आकडे, आणि सर्व्हिस प्रमुखाचं दोन ओळींचं मत: वेटोळं उष्णतेने जळालं आहे, जोडणीच्या तारा आणि कनेक्टर थंड आणि स्वच्छ आहेत.

नऊ दिवसांनी मंजुरी आली. बिल असं होतं: स्टेटर ३९०, रेग्युलेटर २४०, गॅस्केट ३०, मजुरी साडेतीन तास १३५ डॉलर दराने ४७२.५०. एकूण १,१३२.५० आणि कर. ग्राहकाने भरले शून्य.

पहिली योजना ठेवली असती तर त्या कलमाप्रमाणे विद्युत प्रणालीचं संरक्षण दिवे लावले त्या दिवशीच संपलं असतं. फोटो आणि आकडे काही कामाचे नव्हते. नकार कायम राहिला असता तर पुढचा मार्ग वित्तीय सेवा विभागाकडे तक्रार आणि शेवटी काउंटीचं लघुवाद न्यायालय. तिथली मर्यादा ८,००० डॉलर आहे आणि वकिलाशिवाय जाता येतं.

कुठे वेगळं करता आलं असतं

सही करण्याआधी कराराची प्रत घरी नेऊन वाचायला मागता आली असती. दर नोंदवलेलाच असल्याने 'आजच घेतलं तर हा भाव' या वाक्याला फ्लोरिडात फारसा अर्थ नाही. घाई विक्रेत्याला असते.

तोंडी रद्द करण्यात गेलेले सोळा दिवस टाळता आले असते. पत्र बाराव्याच दिवशी जायला हवं होतं.

दिवे लावतानाच वायरिंगचे फोटो काढले असते तर दाव्याच्या वेळी डीलरच्या आवारात गुडघ्यावर बसून काढावे लागले नसते. आणि बॅटरी बदलण्याआधी दोन मिनिटं मीटर.

१,४५० ची योजना आणि १,१३२ चा दावा, हा हिशेब योजनेच्या बाजूने बसत नाही, हेही सांगायला हवं. एका मोठ्या बिघाडानेही ती पूर्ण वसूल झाली नाही. महिना ३० डॉलर टाकणाऱ्याकडे सत्ताविसाव्या महिन्यात, कारखान्याची वॉरंटी संपल्यापासून धरलं तर, साडेचारशे जमले असते आणि उरलेले खिशातून गेले असते. हा तोटा सोसवतो की नाही, यावरच निर्णय ठरतो. या ग्राहकाच्या घरात त्या वर्षी दुसरं मूल झालं होतं. त्याला ठरलेला खर्च परवडत होता, अचानकचा नाही.

शेवटचा निर्णय: विकताना

चव्वेचाळिसाव्या महिन्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, गाडी विकायला काढली. योजनेचे सोळा महिने शिल्लक. रद्द करून परतावा घ्यावा असं त्याला वाटलं. हिशेब केला: ४८ पैकी १६ महिने, १,४५० चा तिसरा हिस्सा ४८३, त्याचे ९० टक्के ४३५. पण कायद्यातले शेवटचे तीन शब्द, 'दिलेले दावे वजा'. १,१३२ वजा केले की हातात काहीच येत नाही. एकदा मोठा दावा झाला की रद्द करण्याचा हक्क कागदावरच उरतो.

हस्तांतराचं मात्र तसं नाही. करारात ५० डॉलर शुल्कावर नव्या मालकाच्या नावे करण्याची सोय होती, विक्रीनंतर ३० दिवसांत. घेणारा फ्लोरिडातलाच, ओकालाकडचा. सोळा महिने उत्पादकाची योजना, नवा स्टेटर, नवा रेग्युलेटर, तेलाच्या सगळ्या पावत्या आणि व्हॉल्व्हच्या मोजमापांचा कागद, हे सगळं एका फाइलमध्ये समोर ठेवल्यावर त्याने मागितलेल्या किमतीतून फक्त शंभर डॉलर कमी केले. हस्तांतराचा अर्ज दोघांनी बँकेतच भरला. कर्जाची उरलेली रक्कम आधी फेडून टायटल मोकळं करायला ते तसेही तिथे गेले होते.